हाताला जाग आणणारीं यंत्रें

पक्षाघात, अर्धांगवायु, लकवा—नांव कोणतेंहि घ्या, या व्याधीनें ज्याच्या आप्तांपैकीं कोणालाच गांठलें नाहीं असें कुटुंब आपल्या समाजांत विरळाच. मेंदूला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि क्षणार्धांत शरीराची एक बाजू आज्ञा मानीनाशी होते. पुढें कांहीं आठवड्यांनीं पुष्कळ रोगी काठीच्या आधारानें चालूं लागतात आणि घरांतील मंडळी सुटकेचा निःश्वास सोडतात. पण हात मात्र बहुधा मागें राहतो. याचें एक कारण अगदीं साधें आहे. चालण्याला दोन्ही पाय लागतात, म्हणून अधू पायाला काम करावेंच लागतें. हाताची गोष्ट निराळी. एका हातानें जेवतां येतें, एका हातानें सही करतां येते, सदऱ्याचीं बटणेंहि अखेर एका हातानें लावतां येतात. अधू हातावांचून कोणाचें अडत नाहीं, आणि ज्याच्यावांचून अडत नाहीं तो माळ्यावरच्या जुन्या भांड्यासारखा पडून राहतो.

अशा हाताला पुन्हां कामाला लावण्यासाठीं माणसानें गेल्या पावणेतीनशें वर्षांत कोणकोणतीं साधनें योजिलीं, त्यांतलीं कोणतीं टिकलीं आणि कोणतीं मागें पडलीं, याचा इतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे. ज्या घरांत असा रोगी आहे तेथें रोज एक प्रश्न उभा असतो : पैसा कशावर खर्चावा आणि आशा कशावर ठेवावी? या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर या इतिहासांत सांपडतें.

रोग जुनाच आहे. चरकसंहितेंत वातव्याधींच्या प्रकरणांत 'पक्षवधा'चें वर्णन आहे. सुश्रुतानें 'पक्षाघात' हा शब्द योजून त्याचे साध्य, कष्टसाध्य आणि असाध्य असे भेद सांगितले. परंतु या रोगाचें मूळ मेंदूंतल्या रक्तवाहिन्यांत असतें, हें स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर यांनीं १६५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, मृत रोग्यांच्या मेंदूंचें विच्छेदन करून दाखविलें. कारण कळलें, तरी उपाय हातीं आला नाहीं. मेंदूंत जी जागा मेली ती मेली. तेथें औषध पोंचवून काय उपयोग, अशीच वैद्यांची पुढें दीर्घकाळ समजूत राहिली.

पहिली नवी आशा आली ती विजेच्या रूपानें. १७४५-४६ च्या सुमारास विद्युत् सांठविण्याची कांचेची बरणी निघाली, आणि लवकरच जिनीव्हा येथील झां जालाबेर यांनीं, उजवा हात अनेक वर्षें लुळा पडलेल्या एका कुलपें बनविणाऱ्या कारागिरावर विजेचे प्रयोग केले. धक्का बसतांच निश्चल स्नायु आपोआप उडतात, हें त्यांना दिसलें. १७४८ सालीं हा वृत्तांत छापून निघाला आणि लुळ्या माणसांची विजेच्या यंत्रांकडे रीघ लागली.

अशी रीघ अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिन यांच्या दारींहि लागली होती. त्यांनीं १७५७ च्या डिसेंबरांत लंडनच्या डॉक्टर जॉन प्रिंगल यांना पत्र लिहून आपला अनुभव कळविला. तें पत्र आजहि वाचण्यासारखें आहे. सहा-सहा गॅलन मापाच्या दोन कांचेच्या बरण्यांतला धक्का ते अधू हातांतून किंवा पायांतून देत, आणि तो बहुधा दिवसांतून तीन वेळां देत. पहिल्या दिवशीं ज्याला गुडघ्यावरचा हात उचलतां येत नव्हता, असा एक रोगी दुसऱ्या दिवशीं तो चार-पांच इंच उचलूं लागला आणि पांचव्या दिवशीं कसाबसा डोक्यावरची टोपी काढूं शकला. दुसरा एखादा असता तर येथेंच दवंडी पिटून मोकळा झाला असता. फ्रँकलिन यांनीं पुढचें सत्यहि लिहून ठेविलें. पांचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे. रोगी निराश होऊन घरीं जात आणि पुन्हां पूर्वस्थितीला येत. याहून मार्मिक अशी त्यांची एक शंका होती. जो तात्पुरता फायदा दिसला तो विजेचा, कीं रोज चालत येण्याच्या श्रमाचा, कीं बरें होण्याच्या आशेनें रोग्याच्या अंगीं आलेल्या उत्साहाचा? यंत्राचा गुण कोणता आणि माणसाच्या प्रयत्नाचा कोणता, हा प्रश्न त्यांनीं असा विचारून ठेविला. पुढील साऱ्या इतिहासांत तोच प्रश्न निरनिराळे वेष घेऊन येतो.

एकोणिसाव्या शतकांत यंत्रांचें राज्य आलें, तें व्यायामशाळेंतहि शिरलें. स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताफ झांडर यांनीं १८६५ सालीं स्टॉकहोम येथें यांत्रिक व्यायामोपचाराची संस्था उघडली. तरफा, वजनें, चाकें आणि पट्टे यांनीं बनविलेल्या त्यांच्या यंत्रांपैकीं कांहीं रोग्यानें स्वतःच्या जोरावर फिरवावयाचीं असत, तर कांहींना वाफेच्या एंजिनाची गति दिलेली असे. तेथें रोग्यानें नुसतें बसावें आणि यंत्रानें त्याचें अंग हलवावें. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनांत हीं यंत्रें मांडलीं गेलीं, आणि युरोप-अमेरिकेंतील आरोग्यधामांत त्यांचा प्रसार झाला. पुढें त्यांची सद्दी संपली. पण दुसऱ्यानें हलविलेला हात आणि स्वतः हललेला हात या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हा भेद मात्र त्या यंत्रांनीं लोकांच्या डोळ्यांपुढें आणला.

यानंतरचा महत्त्वाचा धडा मिळाला तो कोणत्याहि यंत्राकडून नव्हे. १८९५ सालीं इंग्लंडमध्यें मॉट आणि शेरिंग्टन यांनीं माकडाच्या एका हाताच्या संवेदना नेणारे मज्जातंतु तोडून पाहिले. हालचालीचे तंतु शाबूत असतांहि माकडानें तो हात वापरणें सोडून दिलें. १९१७ सालीं अमेरिकेंत ऑग्डेन आणि शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ यांनीं मेंदूला इजा करून माकडांत अर्धांगवायु निर्माण केला आणि त्यांचा चांगला हात बांधून ठेवून अधू हाताला काम करावयास लाविलें. ज्यांना असें भाग पाडलें त्यांचा हात बराच सुधारला. ज्यांना तसेंच सोडून दिलें त्यांचा सुधारला नाहीं. फ्रान्झ यांनीं त्यापूर्वींच, १९१५ सालीं, जुन्या अर्धांगवायूचे रोगीहि शिकविल्यास सुधारतात असें प्रसिद्ध केलें होतें. इतकी मोलाची गोष्ट पुढें जवळजवळ अर्धें शतक ग्रंथालयांत धूळ खात पडली.

ती धूळ झटकली एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञानें. त्यांच्या मतें हात निकामी राहण्यास मेंदूची इजा हें एकच कारण नसतें. आजाराच्या आरंभीं रोगी अधू हातानें कांहीं करूं जातो आणि फसतो. पेला सांडतो, घांस निसटतो. चांगल्या हातानें तेंच काम चटकन् होतें. असें वारंवार होऊन मेंदू 'हा हात वापरावयाचा नाहीं' हें शिकतो. आणि पुढें मेंदूची स्थिति सुधारली तरी ही शिकलेली संवय सुटत नाहीं. टॉब यांचे प्रयोग माकडांवर होते. १९८१ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील माकडांच्या दुरवस्थेवरून मोठें प्रकरण उद्भवलें, पोलिसांनीं माकडें ताब्यांत घेतलीं, खटला चालला. दोषसिद्धि शेवटीं वरिष्ठ न्यायालयांत टिकली नाहीं. प्राण्यांना दिलेल्या त्या त्रासाची आठवण ठेवूनच या ज्ञानाचा लाभ घेणें न्याय्य होईल.

माणसांवर या तत्त्वाची मोठी परीक्षा झाली ती २००६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत २२२ रोगी होते व पक्षाघात होऊन त्यांना तीन ते नऊ महिने लोटले होते. एका गटाच्या चांगल्या हातांत जाड हातमोजा घालून तो दोन आठवडे, जागेपणीं शेंकडा ९० वेळ, अडकवून ठेविला आणि अधू हाताकडून रोज कित्येक तास कामें करून घेतलीं. एक वर्षानें पाहतां ठराविक कामांना त्या गटाला लागणारा वेळ सरासरी १९.३ सेकंदांवरून ९.३ सेकंदांवर आला होता. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांचा २४ सेकंदांवरून १७.७ सेकंदांवर. म्हणजे या परीक्षेंत यंत्र काय होतें? एक हातमोजा! तोहि अधू हातांत नव्हे, चांगल्या हातांत. मात्र या रीतीला दोन मर्यादा आहेत. मनगट आणि बोटें थोडीं तरी उघडतां येत असलीं तरच ही रीत चालते. शिवाय आजाराच्या अगदीं पहिल्या दिवसांत तिचा अतिरेक करूं नये : २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५२ रोग्यांच्या एका परीक्षेंत, पहिल्या कांहीं आठवड्यांत सर्वांत अधिक मेहनत करविलेल्यांची सुधारणा उलट कमी भरली.

मेहनतीनें मेंदूंत काय घडतें याचाहि शोध लागला. १९९६ सालीं रँडॉल्फ नूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लहान जातीच्या माकडांच्या मेंदूंतील हाताच्या क्षेत्राला अल्पशी इजा केली व त्यांना लहान खळग्यांतून खाऊचे कण वेंचण्याचा सराव दिला. ज्यांना सराव नव्हता त्यांच्या मेंदूंत इजेलगतचें निरोगी क्षेत्रहि हाताचें काम सोडून बसलें होतें. सराव करणाऱ्यांत तें हाताकडेच राहिलें, कांहींत वाढलेंहि. मेली ती जागा परत येत नाहीं. परंतु शेजारची जागा हाताच्या कामीं लावतां येते, आणि ती लावण्याचें साधन म्हणजे पुनःपुन्हां केलेली सहेतुक हालचाल.

येथें अडचण आली ती संख्येची. २००९ सालीं कॅथरिन लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उत्तर अमेरिकेंतील उपचारकेंद्रांत बसून प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हां हाताच्या उपयुक्त हालचाली एका बैठकींत सरासरी ३२ भरल्या. प्रयोगांतील प्राणी दिवसाकांठीं शेंकडों हालचाली करीत. माणसाच्या वांट्याला आल्या बत्तीस. फिजिओथेरपिस्टांचे हात थोडे, त्यांचा वेळ थोडा, रोगी मात्र पुष्कळ. ही उणीव भरून काढण्यासाठीं रोबो पुढें आला.

अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत नेव्हिल होगन आणि हेर्मानो इगो क्रेब्स यांनीं १९८९ पासून जें यंत्र रचलें त्याचें नांव 'मानुस'. लॅटिन भाषेंत मानुस म्हणजे हात. मराठी कानाला तो शब्द निराळा ऐकूं आला तरी तो अर्थहि कांहीं वावगा नाहीं. रोगी मेजाशीं बसतो, त्याचा पुढचा हात एका आधारावर बांधलेला असतो व मूठ एका दांड्यावर असते. समोरच्या पडद्यावर ठिपके दिसतात. हात हलवून एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जावयाचें. रोगी निघाला तर यंत्र हलकेंच वाट देतें. चुकला तर सांवरतें. कांहीं वेळ वाट पाहूनहि हात हलला नाहीं तर स्वतः नेऊन पोंचवतें. झांडर यांच्या काळीं वाफ अंग हलवी आणि माणूस बसून राही; येथें यंत्र माणसाच्या प्रयत्नाची वाट पाहतें. १९९४ पासून न्यूयॉर्कजवळच्या बर्क रुग्णालयांत त्यावर रोग्यांना सराव देण्यांत आला. एका बैठकींतल्या हालचाली आतां हजाराच्या घरांत गेल्या. झुरिकमध्यें सबंध बाहूला सांगाड्यासारखें वेढणारें 'आर्मिन' नांवाचें यंत्र निघालें. त्यावरील २०१४ सालच्या परीक्षेंत नेहमीच्या उपचारांपेक्षां यंत्राच्या गटाला सरासरी ०.७८ गुण अधिक मिळाले. हे गुण, स्वीडनमधील आक्सेल फुगल-मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं ठरविलेल्या, हातासाठीं ६६ गुण असलेल्या मापावरचे आहेत. पाऊण गुणानें कोणाला पेला उचलतां येऊं लागत नाहीं, हें सांगावयास नको.

मग मोठ्या परीक्षा झाल्या. २०१० सालीं अमेरिकेंत १२७ निवृत्त सैनिकांवरील परीक्षेंत असें दिसलें कीं, बारा आठवड्यांच्या शेवटीं रोबोचा गट नेहमीच्या उपचारांहून ठळकपणें सरस नव्हता. छत्तीस आठवड्यांनीं थोडासा सरस होता. आणि माणसानेंच तितकाच कसून दिलेला व्यायाम व रोबोचा व्यायाम यांत फरक नव्हता. २०१९ सालीं ब्रिटनमधील चार केंद्रांतील ७७० रोग्यांच्या परीक्षेचा निकाल आला. हाताच्या उपयोगांत ठरविलेली सुधारणा रोबोच्या गटांत शेंकडा ४४ जणांना, नेहमीच्या उपचारांत शेंकडा ४२ जणांना, आणि माणसानें दिलेल्या वाढीव, रोजच्या कामांवर बेतलेल्या उपचारांत शेंकडा ५० जणांना झाली. हे फरक इतके थोडे होते कीं शास्त्राच्या कसोटीवर कोणालाच विजय देतां आला नाहीं. दुसऱ्या बाजूनेंहि सांगितलें पाहिजे : २०१८ सालीं ४५ परीक्षा एकत्र करून काढलेल्या आढाव्यांत यंत्रोपचारांनीं हाताची शक्ति व उपयोग कांहीं अंशीं वाढतो असें आढळलें. तेव्हां यंत्र निरुपयोगी नाहीं. हालचालींची संख्या तें वाढवितें. पण हातांत कांहीं धरून त्याचा संसारांत उपयोग करण्याचें काम रोग्यालाच शिकावें लागतें.

साध्या साधनांनाहि हीच कसोटी लागू पडते. १९९९ सालीं रामचंद्रन् प्रभृति संशोधकांनीं आरसा योजून पाहिला. अधू हात आरशामागें, चांगला हात आरशापुढें. चांगला हात हलवितांना प्रतिबिंबांत अधू हातच हलतो आहे असें भासतें. त्या वेळीं रोगी नऊच होते. परंतु २०१८ पर्यंत ६२ परीक्षांचा आढावा अनुकूल आला. आरशाची किंमत काय असते, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. २०१६ सालीं १४१ रोग्यांत निन्टेन्डो कंपनीच्या 'वी' या पडद्यावरील खेळाची पत्ते, डॉमिनो यांसारख्या घरगुती खेळांशीं तुलना केली. दोन्ही गट सारखेच ठरले. स्वस्त साधनें निर्धोक असतात असेंहि समजूं नये. डोक्यावरच्या कप्पीवरून दोरी ओढून अधू हात वर नेण्याची पद्धत घरोघरीं दिसते. १९९० सालीं २८ रोग्यांवर केलेल्या लहानशा परीक्षेंत कप्पी वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा ६२ जणांचा खांदा दुखूं लागला. फळीवर चाकांच्या आधारानें हात सरकविणाऱ्यांत हें प्रमाण १२ होतें आणि उपचारकानें स्वतः हात धरून व्यायाम दिलेल्यांत ८. दुबळ्या खांद्याला चांगल्या हाताच्या जोरानें ओढणें हा व्यायाम नव्हे, ती इजा आहे.

आणि वीज? तीहि परत आली आहे, पण नव्या रीतीनें. २०२१ सालीं १०८ रोग्यांवरील एक परीक्षा प्रसिद्ध झाली. छातींत एक लहान यंत्र बसवून त्याची तार मानेंतल्या व्हेगस मज्जातंतूला जोडली जाते. रोगी हात हलवितो नेमक्या त्याच क्षणीं उपचारक कळ दाबून विजेची बारीक लहर सोडतो. सहा आठवड्यांनंतर त्यांचे ५ गुण वाढले. यंत्र बसवून खरी लहर न दिलेल्यांचे २.४. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रण खात्यानें या यंत्रास मान्यता दिली. शस्त्रक्रियेचें जोखीम आहे, खर्च मोठा आहे, लाभ माफक आहे. परंतु फ्रँकलिन यांच्या शंकेला येथें एक प्रकारें उत्तर मिळतें. वीज एकटी देतां पांच दिवसांत तिचा गुण संपला. प्रयत्नाच्या क्षणाशीं बांधून दिली तेव्हां ती प्रयत्नाला साह्य करूं लागली.

आपल्याकडे या शास्त्राचा पाया पोलिओच्या निमित्तानें भक्कम झाला. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीचें शिक्षण सुरू झालें, आणि १९५५ सालीं हाजी अली येथें शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तरी शिकलेल्या उपचारकांची वाण मोठी. म्हणून भारतांतील १४ रुग्णालयांत १२५० रोग्यांच्या कुटुंबियांना व्यायाम शिकवून घरींच उपचार करविण्याचा प्रयोग झाला. २०१७ सालीं त्याचा निकाल आला. सहा महिन्यांनीं मृत्यु पावलेल्या अथवा परावलंबी राहिलेल्या रोग्यांचें प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा ४७ म्हणजे अगदीं सारखेंच होतें. घरच्यांची माया आणि थोडेंसें शिक्षण एवढ्यावर भागत नाहीं, असा या निकालाचा कडू अर्थ आहे. जाणत्या माणसाची देखरेख लागतेच.

परंतु देखरेखीखालीं घरच्यांना करण्यासारखें पुष्कळ उरतें. अधू हाताला धरून रोग्याला ओढूं किंवा उठवूं नये. महाग यंत्राची जाहिरात दिसली तर एकच प्रश्न विचारावा : हें माझ्या माणसाकडून हालचाल करून घेतें, कीं त्याला नुसतें हलवितें? आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे दयेला आवर घालावयाचा. वडिलांचा हात वाटीकडे जातां जातां थांबला, कीं मुलगा धांवतो, सून धांवते, घांस तोंडांत येतो आणि हाताचा तो प्रयत्न फुकट जातो. दिवसांतून दहा वेळां असें घडलें तर टॉब यांनीं सांगितलेली ती निरुपयोगाची संवय आपणच प्रेमानें शिकवीत असतों. जेथें उपचारकानें परवानगी दिली आहे तेथें वाटी सांडूं द्यावी, बटणाला दहा मिनिटें लागूं द्यावींत, आणि आपण शेजारीं स्वस्थ बसावें. कांहीं हात इतके दुखावलेले असतात कीं कोणत्याहि उपायानें ते पूर्वीसारखे होत नाहींत. तसें असल्यास तें रोग्याला स्पष्ट सांगणें हेंहि आपलें कर्तव्य आहे. परंतु ज्या हाताचें एखादें तरी बोट हलतें, त्याला काम न देतां ठेवणें हा त्या हातावर अन्याय होय.